फिल्टर एन्व्हलप आणि आवाजाची पातळी: दोघांचे नाते कसे जुळवावे

सॉफ्टवेअर सिंथेसायझरवर सॉ वेव्ह (करवतीच्या दात्यांसारखा तरंग) घेऊन छेडलेल्या तारेसारखा आवाज तयार करताना चार अडचणी येतात, असे तुम्ही विचारले आहे. फिल्टर एन्व्हलपचा (पट्टी दाबल्यापासून फिल्टर काळानुसार कसा हलावा ते ठरवणाऱ्या भागाचा) डिके, म्हणजे शिखरावरून खाली उतरण्याचा काळ, कमी-जास्त केला तरी फरक कळत नाही. प्रत्येक सुराच्या आरंभी बारीक ‘टक्’ ऐकू येते. वरच्या सप्तकातले सूर झाकल्यासारखे वाटतात. आणि तीन-चार पट्ट्या एकदम दाबल्या की आवाज फाटतो. प्रत्येक अडचणीवरचा उपाय पुढे सांगतोच आहे, पण त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागेल, कारण तिच्याशिवाय ते उपाय नुसते आकडे राहतील. फिल्टरचा एन्व्हलप सुराची उजळता ठरवतो आणि आवाजाचा एन्व्हलप त्याचे लहान-मोठेपण. कानाला मात्र ही दोन्ही मिळून एकच हालचाल ऐकू येते, म्हणून त्यांतला एक जुळवताना दुसरा त्या क्षणी कुठे आहे याचे भान ठेवावे लागते.

नेहमीच्या सिंथेसायझरमध्ये ध्वनी ऑसिलेटरमधून, म्हणजे तरंग निर्माण करणाऱ्या भागातून, निघतो, मिक्सरमधून फिल्टरमध्ये जातो आणि शेवटी ॲम्प्लिफायरमधून बाहेर पडतो. सॉ वेव्ह हार्मोनिकांनी भरलेली असते: मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सर्व वारंवारिता तिच्यात असतात आणि त्यांचा आयाम अनुक्रमे निम्मा, एक तृतीयांश, एक चतुर्थांश असा उतरत जातो. लो-पास फिल्टर त्यांपैकी कटऑफच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या सीमेवरच्या वारंवारितेच्या, वरचे हार्मोनिक दाबतो. ॲम्प्लिफायर या साखळीत शेवटी असल्यामुळे तो बंद झाल्यानंतर मागे फिल्टर काय करतो आहे, ते ऐकूच येत नाही. तुमच्या पहिल्या अडचणीचे कारण बहुधा येथेच आहे. आवाजाचा डिके 200 मिलिसेकंद, सस्टेन (डिकेनंतर पट्टी दाबलेली असेपर्यंतची स्थिर पातळी) शून्य आणि फिल्टरचा डिके 800 मिलिसेकंद असेल, तर फिल्टरच्या उताराचा केवळ आरंभीचा भाग कानावर पडतो आणि उरलेला शांततेत संपतो. अशा वेळी 800 चे 1200 केले काय किंवा 700 केले काय, फरक जाणवणार नाही. आवाजाचा डिके दीड सेकंदापर्यंत वाढवा, फिल्टरचा 250 मिलिसेकंदांवर आणा, आणि तोच नॉब लगेच बोलू लागेल.

याच अडचणीचे दुसरे कारण कटऑफ आणि एन्व्हलप अमाउंट यांच्या बेरजेत असू शकते. कटऑफचा नॉब फिल्टरची विश्रांतीची जागा दाखवतो. पट्टी दाबल्यावर एन्व्हलप त्या जागेपासून किती वर जाणार, ते अमाउंट ठरवते. ही चढण बहुतेक यंत्रांत सप्तकांच्या हिशेबाने होते. कटऑफ 200 हर्ट्झ आणि अमाउंट पाच सप्तके असेल, तर अटॅकच्या, म्हणजे आरंभीच्या चढणीच्या, शिखरावर फिल्टर 6400 हर्ट्झपर्यंत पोहोचतो. सस्टेन निम्म्यावर असेल, तर तो अडीच सप्तके वर, म्हणजे सुमारे 1130 हर्ट्झवर स्थिरावतो. आता तेवढ्याच अमाउंटसह कटऑफ 6000 हर्ट्झवर ठेवून पाहा. हिशेबाने शिखर 192000 हर्ट्झवर जाते, म्हणजे माणसाच्या श्रवणमर्यादेच्या कितीतरी पलीकडे. प्रत्यक्षात फिल्टर आपल्या कमाल मर्यादेवर अडकून राहतो, डिकेचा बराच काळ त्या न ऐकू येणाऱ्या प्रदेशात खर्च होतो आणि खाली उतरल्यावरही कटऑफ इतका उंच असतो की सुराचा पोत फारसा बदललेला नसतो. ज्यांच्या सिंथेसायझरमध्ये फिल्टर एन्व्हलप ‘काम करत नाही’ असे मला सांगितले जाते, त्यांपैकी अनेकांचा कटऑफ असाच वर चढवलेला आढळतो. नियम असा धरावा की अमाउंट वाढवताना कटऑफ खाली आणायचा.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. मी नेहमी फिल्टर पूर्ण उघडून, अमाउंट आणि रेझोनन्स (कटऑफजवळच्या वारंवारितांना मिळणारा उठाव) शून्यावर ठेवून सुरुवात करतो आणि आधी केवळ आवाजाचा एन्व्हलप बसवतो. सूर किती चटकन उभा राहावा, किती वेळ टिकावा, पट्टी सोडल्यावर किती मागे रेंगाळावा, हे कच्च्या सॉ वेव्हवरच ठरते. त्यानंतर कटऑफ इतका खाली आणतो की सूर पूर्ण विझल्यासारखा होतो, पण त्याची उंची अजून ओळखू येते. ही फिल्टरची विश्रांतीची जागा. मग अमाउंट वाढवतो आणि सर्वांत शेवटी फिल्टरचे डिके आणि सस्टेन. हा क्रम उलटा केला, तर आवाजाच्या एन्व्हलपमधली चूक फिल्टरने लपते आणि पुढे एखादा वेगळा स्वर वाजवताना अचानक उघडी पडते.

फिल्टर कसा हलावा हे ठरवण्यासाठी खऱ्या वाद्यांकडे पाहणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. तार छेडली की आरंभी तिच्यात वरचे हार्मोनिक भरपूर असतात. पण तारेतील अंतर्गत घर्षण आणि हवेत जाणारी ऊर्जा यांमुळे जितकी वारंवारिता अधिक, तितका तो हार्मोनिक लवकर विरतो. त्यामुळे सूर आधी मऊ होतो आणि नंतर लहान होतो. एन्व्हलपच्या भाषेत याचा अर्थ असा की फिल्टरचा डिके आवाजाच्या डिकेपेक्षा लक्षणीयरीत्या लहान हवा. मी साधारण चौथ्या ते सहाव्या हिश्श्यापासून सुरुवात करतो. पितळी वाद्यांचे वागणे याहून वेगळे आहे. ज्याँ-क्लोद रिसे यांनी 1960 च्या दशकात अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत ट्रम्पेटच्या स्वरांचे संगणकावर विश्लेषण केले, तेव्हा असे दिसले की स्वराची तीव्रता वाढते तसे वरचे हार्मोनिक खालच्यांपेक्षा अधिक प्रमाणात वाढतात, आणि स्वराच्या आरंभी ते खालच्यांच्या मागून येतात. म्हणून सिंथेसायझरवर ट्रम्पेटसारखा आवाज हवा असेल, तर आवाजाचा अटॅक 10 ते 20 मिलिसेकंद आणि फिल्टरचा अटॅक 50 ते 80 मिलिसेकंद ठेवावा. उजळता थोडी उशिरा आली की ओठ आणि श्वास यांचा भास आपोआप होतो. तारेत उजळता आवाजाच्या आधी निघून जाते, ट्रम्पेटमध्ये ती आवाजाच्या मागून येते. या दोन वाद्यांमधला फरक आपल्याला प्रामुख्याने तेवढ्यावरून कळतो, आणि मला या विषयातली हीच गोष्ट आजही सर्वांत सुंदर वाटते.

एन्व्हलपचे चार टप्पे आज इतके अंगवळणी पडले आहेत की ते कुणीतरी विचार करून मागितले होते, हे विसरायला होते. संगीतकार व्लादिमिर उसाचेव्हस्की यांनी 1965 मध्ये सिंथेसायझर बनवणाऱ्या रॉबर्ट मूग यांना एन्व्हलप जनरेटरची जी मागणी कळवली, तिच्यात चढण, पहिला उतार, स्थिर पातळी आणि अखेरचा उतार असे भाग होते. पुढे एआरपी या सिंथेसायझर कंपनीच्या यंत्रांमुळे त्यांना अटॅक, डिके, सस्टेन आणि रिलीज ही नावे रुळली. 1970 च्या मिनीमूग सिंथेसायझरमध्ये फिल्टर आणि आवाज यांना प्रत्येकी स्वतंत्र एन्व्हलप मिळाला, मात्र प्रत्येकाला तीनच नॉब होते आणि रिलीजचा काळ डिकेच्याच नॉबवर चालत असे. रोलँडच्या 1984 च्या जुनो-106 मध्ये तर दोघांना मिळून एकच एन्व्हलप होता. मात्र एका स्विचने ॲम्प्लिफायरला एन्व्हलपमधून सोडवून केवळ पट्टी दाबण्या-सोडण्यावर उघड-बंद करता येत असे. नवशिक्यांनी काही आठवडे अशाच बंधनात काम करावे, असे मी आग्रहाने सांगतो. आवाज सपाट ठेवून केवळ फिल्टर हलवला की उजळतेच्या बदलानेच सूर किती जिवंत होतो, ते स्वच्छ कळते. रोलँडच्याच टीबी-303 या बास सिंथेसायझरमध्ये डिकेचा नॉब फिल्टरसाठी होता आणि आवाजाचा उतार कायमचा ठरवून दिलेला होता. ॲक्सेंट दिलेल्या सुरावर आवाज वाढे, फिल्टर अधिक उघडे आणि त्याचा डिके आखूड होई. जोर देणे म्हणजे केवळ मोठ्याने वाजवणे नव्हे, हे त्या छोट्या यंत्राच्या रचनेतच होते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो: फिल्टर उघडणे हाही आवाज वाढवण्याचाच एक प्रकार आहे. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डेन मन्सन यांनी 1933 मध्ये प्रसिद्ध केलेल्या समान-तीव्रतेच्या वक्रांनी दाखवून दिले की आपला कान सर्व वारंवारितांना सारखा प्रतिसाद देत नाही. साधारण 3000 ते 4000 हर्ट्झच्या आसपास तो सर्वाधिक संवेदनशील असतो आणि खालच्या स्वरांबाबत, विशेषतः हळू आवाजात, बराच मंद. कटऑफ 300 हर्ट्झपासून 4000 पर्यंत वर गेला की मीटरवरची पातळी थोडीशीच हलते, पण ऐकणाऱ्याला सूर अंगावर आल्यासारखा वाटतो. याचे दोन परिणाम होतात. पहिला असा की फिल्टरचा उतार ठळक असेल, तर आवाजाचा उतार सौम्य ठेवता येतो, किंबहुना ठेवावाच लागतो. दोन्ही तीव्र ठेवले तर सूर दुप्पट वेगाने विझतो आणि कृश वाटतो. दुसरा परिणाम आपल्या निवडीवर होतो. अधिक उघडा फिल्टर मोठा ऐकू येतो आणि मोठे ते चांगले वाटते. सुरुवातीची काही वर्षे मी या फसवणुकीला पुन्हा पुन्हा बळी पडलो: रात्री हेडफोनवर जो आवाज भारून टाकत असे, तो सकाळी इतर वाद्यांसोबत कर्कश वाटे. तेव्हापासून दोन सेटिंगची तुलना करताना आधी दोघांचा ऐकू येणारा आवाज सारखा करतो आणि मगच कोणते ठेवायचे ते ठरवतो. हे कंटाळवाणे काम आहे, पण त्याला पर्याय मला सापडलेला नाही.

डिकेच्या आकड्यांवर फार विसंबू नका, कारण त्यामागे वक्राचा आकार दडलेला असतो. जुन्या ॲनालॉग यंत्रांत एन्व्हलपचा उतार कपॅसिटर रिकामा होण्यातून येत असे. एका ठरावीक काळात, म्हणजे काल-स्थिरांकात, तो सुमारे 37 टक्क्यांवर येतो आणि पुढच्या प्रत्येक तेवढ्याच काळात उरलेल्याच्या पुन्हा 37 टक्क्यांवर. डेसिबलमध्ये मोजले तर हा उतार समान गतीचा असतो, आणि खरी तारही साधारण अशीच विझते. याउलट सरळ रेषेतल्या उतारात निम्मा काळ गेला तरी आवाज केवळ 6 डेसिबलने कमी झालेला असतो आणि अखेरच्या थोड्या वेळात तो एकदम कोसळतो. सूर लोंबकळत राहतो आणि मग कापल्यासारखा थांबतो. त्यामुळे दोन सिंथेसायझरवरचे 500 मिलिसेकंद कानाला अगदी वेगळे लागू शकतात. वक्र बदलण्याची सोय असेल, तर आवाजासाठी घातांकी (कपॅसिटरसारखा) उतार निवडा. फिल्टरसाठी मात्र दोन्ही ऐकून पाहा: कटऑफ आधीच सप्तकांच्या मोजपट्टीवर हलत असल्याने तेथे सरळ उतारही नैसर्गिक वाटतो, आणि घातांकी उतार अधिक टोकदार, चिमटा घेतल्यासारखा.

आरंभीच्या ‘टक्’चा उपाय सोपा आहे. अटॅक शून्य असला की तरंग मधल्याच कुठल्यातरी उंचीवरून एकदम सुरू होतो आणि ती उडी टक् म्हणून ऐकू येते. आवाजाचा अटॅक 2 ते 5 मिलिसेकंद करा. खर्जाच्या सुरांना थोडे अधिक लागते, कारण 50 हर्ट्झचे एक आवर्तनच 20 मिलिसेकंदांचे असते. रिलीज शून्य असेल, तर तोच आवाज सुराच्या शेवटी येतो. मात्र दोष खरोखर ॲम्प्लिफायरचाच आहे का, हे आधी तपासा: फिल्टर पूर्ण उघडून अमाउंट शून्य केल्यावरही टक् राहिली, तर ती आवाजाच्या अटॅकची, गेली, तर ती फिल्टरच्या अतिवेगवान उघडझापेची. ही दुसऱ्या प्रकारची टक् छेडलेल्या आवाजात थोडी ठेवण्यासारखी असते, कारण नखी तारेला लागल्याचा भास तीच देते.

वरच्या सप्तकातले सूर झाकल्यासारखे वाटतात, याचे कारण कटऑफ एका जागी खिळलेला आहे. तो 400 हर्ट्झवर असेल, तर 110 हर्ट्झच्या सुराचे पहिले तीन हार्मोनिक त्याच्या खाली राहतात, पण 880 हर्ट्झच्या सुराचा मूळ स्वरच त्याच्या वर पडतो, आणि 24 डेसिबल प्रति सप्तक उताराचा फिल्टर असेल तर तो जोरात दाबला जातो. यासाठी की-ट्रॅकिंगचा नॉब असतो. तो 100 टक्क्यांवर असताना पट्टी एक सप्तक वर गेली की कटऑफही एक सप्तक वर जातो आणि सर्व सुरांचा पोत सारखा राहतो. मला पूर्ण ट्रॅकिंग किंचित यांत्रिक वाटते, म्हणून छेडलेल्या आवाजांसाठी मी 60 ते 70 टक्के ठेवतो. शक्य असेल तर वरच्या पट्ट्यांवर दोन्ही डिके थोडे आखूड होतील अशीही व्यवस्था करावी, कारण आखूड तारा लवकर विझतात.

फाटणाऱ्या आवाजासाठी पातळी कुठे कुठे ठरते ते पाहावे लागेल. ती तीन ठिकाणी ठरते: फिल्टरच्या आधी मिक्सरमध्ये, फिल्टरनंतर ॲम्प्लिफायरमध्ये आणि अखेरीस एकूण आउटपुटवर. मिक्सरची पातळी ही केवळ पातळी नसते. ॲनालॉग फिल्टरमध्ये आणि त्यांच्या चांगल्या सॉफ्टवेअर प्रतिकृतींमध्ये ऑसिलेटर जोराने आत ढकलले की फिल्टर स्वतःच संपृक्त होतो, सूर जाडसर होतो आणि रेझोनन्सची धार बोथट होते. ही जाडी हवी असेल, तर मिक्सर वर आणि आउटपुट खाली ठेवा. तारेचा स्वच्छ आवाज हवा असेल, तर मिक्सर निम्म्याच्या खाली आणा आणि कमी झालेला आवाज शेवटी भरून काढा. रेझोनन्सचेही असेच आहे. मूग यांच्या लॅडर फिल्टरमध्ये रेझोनन्स वाढवला की कटऑफखालचा सगळा भाग खचत जातो आणि फिल्टर स्वतःहून गाऊ लागण्याच्या सीमेवर तो सुमारे 14 डेसिबलने खाली गेलेला असतो. रेझोनन्सने ‘बास खाल्ला’ असे जे म्हटले जाते, ते यामुळे. म्हणून रेझोनन्स बदलला की पातळी पुन्हा पाहणे ओघाने आलेच.

एकत्र वाजणाऱ्या सुरांची बेरीजही लक्षात घ्या. एकमेकांशी संबंध नसलेले दोन समान सूर मिळून सरासरी पातळी 3 डेसिबलने वाढते आणि चार सूर मिळून 6 ने. पण त्यांची शिखरे एकाच क्षणी जुळली, तर चार सुरांचे शिखर एकाच्या 12 डेसिबल वर जाऊ शकते. छेडलेल्या आवाजात सगळे सूर एकाच क्षणी आपल्या कमाल पातळीवर सुरू होत असल्यामुळे हा धोका पॅडपेक्षा (हळू उभ्या राहणाऱ्या, लांबत जाणाऱ्या आवाजापेक्षा) अधिक असतो. एकच सूर वाजवून मीटर कमाल मर्यादेच्या जवळ आणला, तर कॉर्ड (एकदम वाजवलेल्या सुरांचा समूह) फाटणारच. पातळी ठरवताना तुम्ही वाजवणार असलेली सर्वांत भरगच्च कॉर्ड, सर्वांत जोरात आणि फिल्टर सर्वाधिक उघडलेला असताना वाजवा, आणि तिचे शिखर कमाल मर्यादेच्या 6 डेसिबल खाली राहील इतके आउटपुट ठेवा. आरंभीच लिमिटर (ठरावीक मर्यादेच्या वर जाणारी शिखरे दाबणारे साधन) लावून हा प्रश्न सोडवू नये. लिमिटर नेमका सुराचा पहिला क्षण दाबतो, आणि तोच क्षण घडवण्यासाठी आपण हे सगळे करत असतो.

बोटांच्या जोराला काय द्यायचे, हा निर्णय बहुतेक जण तयार सेटिंगवर सोडून देतात. मिडीवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांना जोडणाऱ्या संकेतप्रणालीवर, हा जोर 1 ते 127 या आकड्यांत येतो आणि अनेक यंत्रे तो थेट आवाजाला जोडतात. मी त्यातला थोडाच भाग आवाजाला देतो आणि मोठा भाग फिल्टरच्या अमाउंटला, इतका की अगदी हळू आणि अगदी जोरात वाजवण्यात कटऑफच्या शिखराचा फरक दीड ते दोन सप्तकांचा पडावा. मग हळू वाजवलेला सूर लहान न होता मऊ होतो आणि इतर वाद्यांत हरवत नाही.

एवढे समजून घेऊन तुमच्या आवाजासाठी पुढील आकड्यांपासून सुरुवात करा: आवाजाचा अटॅक 3 मिलिसेकंद, डिके 1.5 सेकंद, सस्टेन शून्य. कटऑफ 250 हर्ट्झ, अमाउंट चार सप्तके, फिल्टरचा अटॅक शून्य, डिके 280 मिलिसेकंद, सस्टेन 10 टक्के. रेझोनन्स अगदी थोडा, ट्रॅकिंग 65 टक्के. राहिला रिलीज. पट्टी सोडताच दोन्ही एन्व्हलप आपापला रिलीज सुरू करतात आणि आवाजाचा रिलीज कितीही लांब असला, तरी फिल्टरचा आखूड असेल तर सुराची शेपटी एकदम झाकली जाते. पॅडमध्ये हा दोष फार खुपतो, म्हणून तेथे फिल्टरचा रिलीज आवाजाच्या रिलीजइतका किंवा त्याहून लांब ठेवावा. तारेच्या आवाजात पट्टी सोडणे म्हणजे तारेवर बोट टेकवणे, आणि बोट टेकले की वरचे हार्मोनिक आधी मरतात. त्यामुळे येथे आवाजाचा रिलीज 250 मिलिसेकंद आणि फिल्टरचा 80 च्या आसपास ठेवा, आणि जलद सुरावट वाजवताना सूर एकमेकांत मिसळू लागले, तर फिल्टरला हात न लावता आधी आवाजाचा रिलीज 150 पर्यंत खाली आणा.